पिवळं कुठे गेलं

आमच्या घरी अंड्याचा हलवा ईदला होत नसे.
ईदला शेवया, ईदला सांदणं.
हलवा व्हायचा
कुणाचा तरी पाय मुरगळला की.

म्हणजे असं, की मुरगळल्या पायाला लागायचं पांढरं.
हळद, चिमूटभर तुरटी, पानाच्या डब्यातला चुना,
आणि चार अंड्यांचं पांढरं, बोटांनीच फेसलेलं.
रुकय्याचाची ते घोट्यावर थापायची,
वर चाचांच्या जुन्या लुंगीची पट्टी,
आणि म्हणायची, हलू नको, भिंत वाळतेय.
खरंच वाळायची.
सकाळपर्यंत घोट्याचं गिलावा केलेलं घर झालेलं,
आत ठणका एकटाच बसलेला.

एरवी अंडी विकायची असत, खायची नसत.
तीन कोंबड्या. त्यातली एक हट्टाने
उलथ्या होडीखाली घालायची,
आणि मुनीर पोटावर सरपटत जाऊन
हात भरून गरम अंडं आणायचा.
बाणकोटच्या धक्क्यावर मास्तरीणबाई घ्यायच्या डझनाने.
खोकला झाला तरच एक फुटायचं,
कढत दुधात, मिरपूड घालून.
नाक दाबून प्यायचो. तो काही लाड नव्हता.

पण पांढरं औषधाला गेलं की पिवळं उरायचं,
चार बलक पितळी वाडग्यात,
आणि ते फेकून देणं चाचीच्या धर्मात बसत नव्हतं.
मोरीच्या पाण्यावर तिने अळू पोसलेलं,
टरफलं अबोलीच्या मुळाशी चुरलेली.
मग साखर, नारळाचा दाट रस,
जायफळ सहाणेवर दोन वेढे,
आणि मंद आचेवर ती ढवळत राहायची
तूप कडेला येईस्तोवर.

मी काजूवरून पडले तेव्हा
अख्खं घर माझ्या उशाशी गोळा झालं होतं.
चाची म्हणाली, ‘पाय मोडला तुजा,
नशीब उघडला यांचा.’
मी रडत होते, आणि जिभेवर रवाळ, उष्ण,
वेलचीचं एक साल दातात अडकलेलं.
अजूनही कुठे ठेच लागली
की आधी तोंडाला पाणी सुटतं.

मुनीर तर पुढे मुद्दामच लंगडू लागला.
सकाळी डावा, दुपारी उजवा.
चाचीने पाहिलं, काही बोलली नाही,
काडेचिराईताचा वाटीभर काढा पुढे केला.
‘पाय बदलला की दवा बदलते.’

आणि एकदा तिचाच पाय मुरगळला.
कधी, कुठे, कुणी पाहिलं नाही.
सहा अंडी फोडली तिने. सहा!
पट्टी बांधली नीट, गाठ मारली,
आणि तीच पट्टी घेऊन
घुबडामागे लागल्यासारखी धावली कोंबडीमागे
चिऱ्याच्या गडग्यापर्यंत.
आम्ही हसलो. हलवा खाल्ला.
चाचांच्या जहाजाची तीन महिने चिठ्ठी नव्हती,
मनीऑर्डर नव्हती,
हे मला कळायला
माझं स्वतःचं लग्न व्हावं लागलं.
वाडग्याच्या तळाचं
तिने बोटाने पुसून खाल्लं होतं,
दाराकडे पाठ करून.

परवा विहिरीच्या पायरीवर ती घसरली.
या वेळी खरोखर.
दापोलीच्या दवाखान्यात
गुडघ्यापर्यंत प्लास्टर, खडूसारखं पांढरं.
मी पोचले तेव्हा नखाने त्यावर टकटक करत होती,
अंडं ताजं आहे का पाहतात तशी.
दूरच्या खाटेवरचं पोर खोकत होतं.
नर्सबाई सुई घेऊन आल्या,
तिने त्यांचा हात धरला, जवळ ओढलं,
आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं,

‘एवडा पांढरा लावलात,
मंग पिवला कुटं गेला?’

नर्सबाईंना वाटलं, भूल उतरली नाही अजून.
मी पिशवीतला डबा काढला.